चालत नाही

घास गिळून झाला आणि मग कचेरीतला रघू म्हणाला, "भाऊसाहेब, वांग्यात सोडे आहेत हां. चालतात ना तुम्हाला?"

शांतवनचा हात डब्याच्या झाकणावरच थांबला. प्रश्न साधा होता आणि रघूनं तो माणुसकीनंच विचारला होता. फक्त क्रम चुकला होता. सरकारी कचेरीत हरकती मागवायच्या आधी काम उरकलेलं असतं, त्यातलाच प्रकार. वाळवलेली कोळंबी वांग्यात शिजली की वांग्याच्याच रंगाची होते, आणि शांतवनचं नाक करोनात गेलं ते अर्धंच परत आलं होतं. एरवी रत्नागिरीतल्या माणसाला सोड्यांचा वास दोन घरं पलीकडून येतो. त्याला समोरच्या डब्यातून आला नाही. दाताखाली काहीतरी चिवट लागलं होतं, फार जुन्या ओळखीचं, आणि ते आवडलंही होतं. आवडलं हेच वाईट झालं. "चालतात की," तो म्हणाला, कारण पोटात गेलेल्या वस्तूबद्दल मतभेद नोंदवण्यात अर्थ नव्हता. मग तो उठून कचेरीच्या मागच्या मोरीपाशी गेला, नळ सोडला, आणि घशात बोट घालावं की घालू नये याचा विचार करत उभा राहिला. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. बायको होती. नम्रता कामाच्या वेळेत कधी फोन करत नसे. "तेजलला ॲडमिट केलंय," ती म्हणाली. "बीपी खूप वाढलंय. बाळ आजच काढावं लागेल म्हणतायत. निघा तुम्ही."

तेजल त्यांची एकुलती लेक. तिला आठवा लागायचा होता अजून. शांतवननं नळ बंद केला, परत उघडला, परत बंद केला. घास आणि फोन यांच्यामध्ये एक नळ सोडण्याएवढंच अंतर होतं, आणि उभ्या नोकरीत त्यानं इतक्या तातडीनं कारवाई झालेली पाहिली नव्हती.

रिक्षात बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण जिभेनं दात चाचपतोय. कुठं काही तुकडा राहिलाय का ते शोधत होता तो. उजवीकडच्या दाढेत काहीतरी होतं. ते थुंकावं तर रिक्षातून थुंकणं बरं दिसत नाही, गिळावं तर दुसऱ्यांदा गिळल्यासारखं होतं. त्यानं ते तिथंच राहू दिलं आणि तोंड बंद ठेवलं. कोळंबीला खवले नसतात. मुशीला नसतात, म्हाकुलाला नसतात, कुर्लीला आणि कालवांना तर काहीच नसतं, नुसतं कवच. ज्याला पर आहेत आणि खवले आहेत तेच खावं, बाकी सगळं विटाळ, असं बायबलच्या जुन्या करारात लिहिलेलं आहे आणि ते आजही लागू आहे, असं शनिवारच्या प्रार्थनेचे ब्रदर ऋत्विक सांगत. हा नियम मुळात वाळवंटातून चाललेल्या लोकांना दिला होता. तिथं तो पाळणं फारसं जड गेलं नसणार. मिरकरवाड्याच्या बंदराशेजारी राहून तो पाळायचा म्हणजे रोज सकाळी स्वतःच्या घराकडं पाठ करून चालण्यासारखं होतं.

पण शांतवननं तो पाळला होता, आणि का पाळला हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, नम्रतालाही नाही. गोष्ट लहानपणची होती. शाळेतला विठू त्याला एकदा दुपारी घरी घेऊन गेला. विठूची आई पान वाढत होती; मुलगा कोणाचा, कुठला, ख्रिस्ती आहे, हे कळल्यावर ती विठूच्या बहिणीला म्हणाली, "वाढ गो त्याला काय पण. त्या लोकांना सगळा चालतो." तिनं प्रेमानंच म्हटलं असेल. वाढलं तर भरपूर. पण 'सगळा चालतो' हे शब्द त्याच्या पानात पडले ते पडलेच. मोठा होत गेला तसं त्याला दिसत गेलं की आपल्याकडं माणसाची उंची त्याला काय चालत नाही यावरून मोजतात. कोणाला सोमवारी चालत नाही, कोणाला गुरुवारी, कोणाला श्रावणात, कोणाला कांदाही नाही. आणि जेवढं जास्त चालत नाही तेवढा माणूस पाटावर सरळ बसतो. कचेरीत कोणाच्या डब्यातलं अंडं उरलं की ते न विचारता शांतवनकडं सरकायचं. त्याला सगळे वार सारखे. इतकी वर्षं तो हसून खात आला. देवानं आपल्याला स्वातंत्र्य दिलंय असं रविवारी मिशनच्या देवळात ऐकायचा, आणि सोमवारी ते स्वातंत्र्य कोणाच्या तरी उरलेल्या अंड्याच्या रूपानं समोर यायचं.

म्हणून मारुती मंदिराजवळच्या मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत पहिल्यांदा ब्रदर ऋत्विकना ऐकलं तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. ब्रदर मूळचे डोंबिवलीचे, पूर्वी विमा विकायचे. आवाज अजून तोच होता, समोरच्याच्या मरणाबद्दल मनापासून काळजी वाटणारा. कृपा आहेच, ते म्हणत, कृपा नाकारतंय कोण. पण कृपा म्हणजे पहिला हप्ता. तो प्रभूनं भरला. पुढचे तुम्ही चुकवलेत तर पॉलिसीचं काय होतं ते तुम्हीच सांगा. खोलीतले लोक गंभीरपणे माना हलवत, कारण त्यातल्या बऱ्याच जणांच्या पॉलिसी खरोखरच बुडालेल्या होत्या. शनिवार पाळायचा. अशुद्ध खायचं नाही. अशुद्ध खाणाऱ्याच्या पंगतीला बसायचं नाही. पुरुषांसाठी आणखी एक नियम आहे, देहावरच्या खुणेचा, तो योग्य वेळी सांगितला जाईल, असंही ते एकदा म्हणाले होते. त्या दिवसापासून वयस्क पुरुष जरा मागच्या रांगेत बसू लागले होते.

त्याच आठवड्यात कचेरीत कोणाच्या तरी बढतीची कोळंबीची भजी आली, आणि शांतवन जन्मात पहिल्यांदा म्हणाला, "मला चालत नाही." मंगळवारी अंडं न खाणाऱ्या मोठ्या साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं आणि मान किंचित लववली, जातवाल्याला लववावी तशी. शांतवनला त्या दिवशी भूक लागली होती, पण पोटात असं काही भरून आलं की संध्याकाळपर्यंत त्याला काही खावंसं वाटलं नाही.

जुन्या देवळातले पाळक हरिश्चंद्र त्याला भेटायला घरी आले होते. आता थकलेत, ऐकू कमी येतं, उपदेश करताना मध्येच विसरतात आणि मग शांतपणे पुढचं गीत सांगतात. चहाची बशी ओठाला लावून ते म्हणाले, "शांतवन, तू लहान होतास ना, तेव्हा नाताळात आम्ही पोरांना खाऊ वाटायचो. बाकीची पोरं हिसकावून पळायची. तू हातात घेऊन विचारायचास, कशाबद्दल? अरे, कशाबद्दलच नाही. नाताळ आहे म्हणून." शांतवनला हे आठवत नव्हतं, पण ते खरं असणार. कृपेबद्दल त्याची अडचण हीच होती. अर्ज केला नाही, कागद जोडले नाहीत, वरून मंजुरी आली. अशी मंजुरी पुढं कधीतरी तपासणीत अडकते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कोणीतरी चष्मा पुसत विचारणार, हे तुम्हाला कशाबद्दल मिळालं? आणि दाखवायला हातात काही नसणार. ब्रदरांनी निदान दाखवण्यासारखं काहीतरी दिलं होतं.

नम्रतानं वाद घातला नाही. तिनं त्याच्यासाठी वेगळा तवा आणि वेगळं पातेलं काढलं आणि आपल्या पातेल्यात कुर्ल्या शिजवत राहिली. "तुमच्या बांगड्याला खवले आहेत हो," ती गॅससमोर उभी राहून सांगायची. "मी बघून घेतलेत. बारीक आहेत, पण देवाची नजर चांगली असेल." तो हसायचा नाही. कुर्लीची नांगी फोडल्याचा आवाज भिंतीपलीकडं ऐकत तो बांगडा खायचा, आणि बांगडा खाताना त्याला वाटायचं की आपण फार उंच, फार एकट्या जागी बसलो आहोत.

या सगळ्यात हसण्यासारखं पुष्कळ होतं. एक वाक्य सोडून. पावसाळ्यातल्या एका शनिवारी ब्रदर आवाज खाली आणून म्हणाले होते, "शाप खाणाऱ्याला लागत नाही. त्याच्या पोटच्याला लागतो. खाणारा सुटतो, म्हणून तर तो शाप." तेव्हा तेजलला दिवस राहिल्याचं नुकतंच कळलं होतं. शांतवननं त्या रात्रीपासून हॉटेलात चहाही सोडला.

रिक्षा वळणावर थांबली तेव्हा त्यानं ब्रदरना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये मध्ये "प्रभू, प्रभू" म्हटलं, आणि मग अगदी मऊ आवाजात विचारलं, "शांतवनजी, आज तोंडात काही गेलं का?"

"चुकून," तो म्हणाला. "वांग्यात होते. एकच घास."

तो माणूस रागावला असता तर बरं वाटलं असतं. "आता असं करा," ब्रदर म्हणाले. "आज कुणाच्या पंगतीला बसू नका. जावयाची माणसं असतील तिथं, त्यांच्या डब्याला तर हातच लावू नका. वेगळे राहा. मी इथं मध्यस्थी करतो प्रभूपाशी. मग बघू." मग बघू, हे शब्द शांतवननं स्वतः कितीतरी लोकांना कचेरीच्या खिडकीतून ऐकवले होते. त्यांचा अर्थ काय असतो ते त्याला माहीत होतं.

दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ झालं होतं. मुलगी. तेजल ठीक होती, ग्लानीत होती, तिच्याजवळ केतनला बसू दिलं होतं. केतन जावई, वीज मंडळात नोकरीला, कमी बोलणारा. त्याचे आईवडील बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर होते. काशीराम पोफळीच्या वीजकेंद्रातून निवृत्त होऊन चिपळूणकडं गावी राहत होते. ते कालच आले होते; तुळसाबाई सुनेला मदत म्हणून गेले काही दिवस रत्नागिरीतच होत्या. काशीराम उठून म्हणाले, "जय भीम, व्याही." शांतवन मिशनच्या रीतीनं म्हणाला, "सलाम." लग्नापासून हे असंच चालत होतं; दोघांनीही आपापला शब्द सोडला नव्हता आणि दोघांनाही त्यात काही खटकलं नव्हतं. बौद्ध घरचं स्थळ म्हटल्यावर तेव्हा शांतवन धास्तावला होता, पण ती धास्ती धर्माची नव्हती. त्या घरात पाऊल टाकताच त्याला आपल्या आज्याच्या घरासारखा वास आला होता, नाक शाबूत होतं तेव्हा. आजा भागोजी कोणत्या जातीतून मिशनमध्ये आला हे घरात कधी उच्चारलं जात नसे आणि सगळ्यांना माहीत असे.

नम्रतानं त्याला काचेपाशी नेलं. आत एक काचेची पेटी होती आणि पेटीत नळ्यांच्या गुंत्यात ती होती. ती कुशीवर वळलेली होती, पाठीची कमान करून, गुडघे पोटाशी. कातडी इतकी पातळ की आतली निळसर रेघ दिसत होती. गुलाबी, ओली, पारदर्शक. नुकती सोललेली कोळंबी. हा विचार त्यानं केला नाही, तो त्याच्या डोळ्यांत आधीच येऊन बसला होता, आणि तो काढण्यासाठी त्यानं डोळे मिटले तेव्हा तो पापणीच्या आतल्या बाजूला आणखी स्पष्ट दिसला. कोणीतरी त्याला दाखवत होतं. एवढासा घास, आणि एवढीशी पोर. बघ, माप बरोबर आहे की नाही. तो काचेपासून मागं सरला. दाढेतला तुकडा अजून तिथंच होता.

"काय झालं?" नम्रता म्हणाली.

"काही नाही. लहान आहे फार."

"श्वास घेतेय पण. डॉक्टर म्हणाले, हे एकदोन दिवस नाजूक." तिनं त्याचा चेहरा पाहिला. "तुम्ही कुणाला फोन केला होता का वाटेत?" त्यानं फोन खिशात आणखी खाली सारला.

दिवेलागण झाली. व्हरांड्यातल्या पंख्यानं हवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेली आणि परत आणली. दुपारपासून कोणी काही खाल्लं नव्हतं. तुळसाबाई मधल्या वेळात घरी जाऊन आल्या होत्या; त्यांनी बाकावर वर्तमानपत्र पसरलं आणि एकावर एक पुडांचा डबा उघडला. भात, भाकऱ्या, आणि झाकणाखालच्या पुडात कोळंबीचं दाट कालवण, वर तेलाचा लाल तवंग. "घरात जा व्हता ता केलाय," त्या म्हणाल्या. "तेजलला म्हणून कालच आणलेली. या वो व्याही, बसा. उपाशी पोटानं पोरीची काळजी होत नाय."

"मला चालत नाही," शांतवन म्हणाला.

हे शब्द तो गेली दोन वर्षं इतक्या ठिकाणी बोलला होता की ते आपोआप आले, आवाजाच्या त्याच पट्टीत, मान थोडी वर करून. कचेरीत या पट्टीनं लोक आदरानं बघत. इथं काशीरामांचा भाकरी मोडणारा हात थांबला. ते त्याच्याकडं बघत नव्हते, भाकरीकडं बघत होते. तुळसाबाईंनी पळी पुडाच्या कडेला टेकवली, आवाज होऊ न देता.

"आमच्या हातचा चालत नाय व्हय," त्या म्हणाल्या. त्यांनी हे विचारलं नाही. जुन्या ओळखीचं माणूस दारात दिसल्यावर त्याचं नाव घ्यावं तसं म्हणाल्या.

"तसं नाही," शांतवन म्हणाला. "तुमचं नाही. कोळंबीचं आहे. तिला खवले नसतात." हे बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं. पंखा एक फेरी फिरून आला.

काशीरामांनी भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला. "पोफळीला माझ्याबरोबर पाळीला एक जण व्हता," ते म्हणाले, राग नव्हता आवाजात, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. "चांगला माणूस. मी डबा उघडला की तो खिडकीकडं सरकायचा. बोलायचा, इकडं वारा लागतो. बरीच वर्षं आमी एकत्र काम केला. वारा काय थांबला नाय." मग ते बायकोला म्हणाले, "झाक तो डबा. मागनं जेऊ." आणि तुळसाबाईंनी एक एक पूड दुसऱ्यात बसवायला सुरुवात केली.

शांतवनला सांगायचं होतं की तुम्ही समजताय तसं नाही. पण जसजसं तो मनात वाक्य जुळवत गेला तसतसं त्याला दिसत गेलं की ते अगदी तसंच आहे. तोच शब्द, तीच वर केलेली मान. विठूच्या आईच्या पाटावर जो शब्द नव्हता म्हणून तो आयुष्यभर वाकून बसला, तो शब्द त्यानं मिळवला होता, आणि आता तो घेऊन तो उभा होता कोणासमोर, तर आपल्याच आज्यासमोर. भागोजी सांगायचा ती एकच गोष्ट, मिशनमध्ये का गेलास विचारलं की म्हणायचा, "पाद्री काय बोलत व्हता ता मना कळला नाय. पन पंगतीत बसलो तर मना कोन उठ बोलला नाय." एवढीच त्याची धर्मश्रद्धा. घरातल्या शिकलेल्या लोकांना तिची लाज वाटायची.

तरी भीती हलली नाही. ती अशा विचारांनी हलत नाही हे त्याला कळलं आणि तो आणखी घाबरला. मनात लख्ख उजेड पडावा, खांद्यावरून कोणीतरी ओझं उचलावं, असं काही झालं नाही. काचेपलीकडं यंत्र टिक टिक करत होतं. एकदा त्याची लय बदलल्यासारखी वाटली. बघ, तू डब्याकडं नुसतं बघितलंस. जो देव पेटीतल्या पोरीचा श्वास एका कारकुनाच्या वांग्यावर तोलतो तो कसला देव, असा प्रश्न त्याच्या मनात आला, आणि तो प्रश्न विचारल्याचाही हिशेब होईल म्हणून त्यानं तो घाईनं परत घेतला. त्याला वाटलं, आपण वेगळे राहिलो तर निदान केलं म्हणून सांगता येईल. उद्या काही झालं तर. त्या 'उद्या काही झालं तर' पर्यंत आल्यावर त्याचं मन थांबलं, कारण त्याच्या लक्षात आलं की तो पोरीला वाचवत नव्हता. तो स्वतःचा कागद तयार करत होता.

नम्रता उठली. तिनं तुळसाबाईंच्या हातातलं पूड घेतलं, उघडलं, आणि उभ्यानंच भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून खाल्ला. मग ती त्याच्याजवळ आली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला भीती वाटतेय ना. मलाही वाटतेय. मी त्यांच्या डब्यात हात घालून घाबरतेय, तुम्ही लांब उभे राहून घाबरताय. बाकी काही फरक नाही आपल्यात."

आतलं दार ढकलून केतन बाहेर आला. डोळे लाल होते. "तेजल शुद्धीवर आलीय," तो म्हणाला. "विचारतेय, सगळे जेवलात का." त्यानं झाकलेली पुडं पाहिली, आईचा चेहरा पाहिला, मग सासऱ्याचा. त्याला काय कळलं ते त्यालाच ठाऊक. "पप्पा, तिला काय सांगू? खोटं सांगून तिला पटत नाही."

शांतवन बाकाच्या टोकाला बसला. "विहीणबाई," तो म्हणाला, "मला वाढा."

"नको वो," तुळसाबाई म्हणाल्या. "मनात नसंल तर कशाला जबरदस्ती. आमाला राग नाय." राग नाही हे खरं होतं, आणि तेच फार अवघड होतं. त्यांना द्यायला तो काय कारण शोधणार होता? पूर्वी चालत नव्हतं, आता चालतं, असं म्हणायला त्याच्याकडं नवीन नियम नव्हता. कशाबद्दल वाढावं त्यांनी त्याला? त्यानं तोंड उघडलं आणि जे आलं ते एवढंच आलं, "मी भीत होतो."

"कोनाला?" काशीरामांनी विचारलं.

शांतवननं विचार केला. देवाला म्हणावं तर तोंडात शब्द येईना. ब्रदरना म्हणावं तर लाज वाटत होती. "सवय आहे," तो म्हणाला. "आताही भितोय."

काशीरामांनी बाकावर सरकून जागा केली. "मग भीत भीत जेवा," ते म्हणाले. "आमी तरी आज कुठं हसत जेवताव."

तुळसाबाईंनी झाकणात भात काढला, त्यावर कालवण ओतलं, आणि सगळ्यात मोठी कोळंबी शोधून वर ठेवली. त्यानं पहिला घास उचलला तेव्हा अर्धा भात वर्तमानपत्रावर सांडला. घास तोंडात गेला. तिखट, कोकमाचं आंबट, आणि नाकाला न कळलेलं काहीतरी जिभेनं ओळखलं. आता छत पडेल अशा बेतानं तो चावत होता. केतन बघत होता. मग केतन वळून आत गेला, तेजलला सांगायला.

दुसरा घास घेतोय तोच काचेच्या खोलीचं दार उघडलं आणि सिस्टर बाहेर आल्या. शांतवन चावायचा थांबला. त्याला ठाऊक होतं. अर्थातच शिक्षा; फक्त एवढ्या लवकर. त्या बाईंचा मास्कवरचा चेहरा काहीच सांगत नव्हता.

"आजोबा कोण यातले?" त्या म्हणाल्या. "आईला आणता येत नाहीये, बाबा तिच्याजवळ आहेत. बाळाशी कोणीतरी थोडं बोलायला या. घरच्यांचा आवाज असला की बरं असतं. एकानंच या."

दोन आजोबा होते. शांतवननं काशीरामांकडं पाहिलं. काशीरामांनी हनुवटीनं दार दाखवलं. "जावा. मना बाळांशी बोलता येत नाय. मी कायम मशिनींशीच बोललो."

बेसिनपाशी त्यानं साबण लावून हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा धुतले, नखं घासली, पुन्हा साबण घेतला. हात नाकाशी नेले, पण त्या नाकाचा काय भरवसा. "सिस्टर," तो म्हणाला, "वास येतोय का बघता? कोळंबी होती."

"येतोय," सिस्टर म्हणाल्या. त्यांना घाई होती. "वासानं काही होत नसतं. हात धुतलेत ना? हा गाऊन घाला आणि चला."

आत गार होतं. पेटीजवळ गेल्यावर त्याला पुन्हा तेच दिसलं, ती कमान, ती पातळ कातडी. पण इतक्या जवळून तिच्या कपाळावर आठी दिसत होती, तेजलची, लहानपणी गणित सुटलं नाही की यायची ती. यंत्रावरचा आकडा वर गेला, खाली आला. त्यानं सवयीनं प्रार्थनेचे शब्द जुळवायला घेतले, आधी कबुली, मग पश्चात्ताप, मग विनंती, आणि त्याला क्रमच आठवेना.

"बोला की," सिस्टर मागून म्हणाल्या. "काहीही बोला. तिला काय कळतंय."

शांतवन पेटीवर वाकला. तोंडाला अजून तिखट लागत होतं.

"आम्ही जेवलो गं," तो म्हणाला. "सगळे जेवलो. बाहेर आहेत सगळे."